मात्रा आणि मुदत

सेलूसारख्या तालुक्याच्या गावी, जेथे मृगाच्या पहिल्या सरीपासून दिवाळीपर्यंत कोणत्याही बोलण्याचा ओघ अखेरीस पऱ्हाटीकडेच वळतो, तेथे दोन वयोवृद्ध गृहस्थांमध्ये जीवरसायनशास्त्रातील एका सिद्धान्तावरून वाद चालावा, आणि तोही ओसरीवर पानसुपारीच्या तबकाशी बसून चालावा, हे ऐकणाऱ्यास प्रथमदर्शनी विलक्षण वाटेल; परंतु ज्या मुलखात दरसाल पोळा ओसरला की पाठीवर पंप बांधलेली माणसे छातीइतक्या, डोक्याइतक्या उंच पिकात शिरतात, आणि त्यांतील काही संध्याकाळी घरी न जाता दवाखान्यात जातात, त्या मुलखात विकरे कशी चालतात आणि कशाने थांबतात हा प्रश्न केवळ परीक्षार्थींचा राहत नाही.

या वादातील एक पक्ष भाऊसाहेबांचा. महसूल खात्यात कारकुनापासून नायब तहसीलदारापर्यंत चढून ते निवृत्त झाले; बोर प्रकल्पाच्या कालव्यावर त्यांची वडिलोपार्जित जमीन आहे, आणि दफ्तरातील शिस्त त्यांनी वावरातही आणली आहे. दुसरा पक्ष डॉक्टरांचा. त्यांनी हयातभर वैद्यकीय विद्यार्थ्यांना जीवरसायनशास्त्र शिकविले. रुग्णाच्या नाडीपेक्षा परीक्षानळीवर त्यांचा हात अधिक बसलेला, आणि म्हणूनच की काय, वैद्यक करणाऱ्यांपेक्षा वैद्यकाविषयी त्यांना अधिक बोलता येते. मी उभयतांचा श्रोता. मात्र श्रोत्यासही मत असते, आणि ते मी येथे लपवून ठेवणार नाही.

भाऊसाहेबांची भूमिका अशी की, विष म्हणजे मात्रा; त्याहून अधिक त्यात काही नाही. ‘‘सरकारने १९६८ साली कीटकनाशकांचा कायदा केला, १९७१ साली त्याचे नियम केले, आणि प्रत्येक डब्यावर रंगीत त्रिकोण छापण्याचा हुकूम काढला,’’ ते म्हणाले. ‘‘शरीराच्या दर किलो वजनामागे ५० मिलिग्रॅमपर्यंत पोटात गेल्याने प्रयोगातील निम्मी जनावरे मरत असतील तर त्रिकोण लाल, ५१ ते ५०० पर्यंत पिवळा, ५०१ ते ५,००० पर्यंत निळा, त्यापुढे हिरवा. याचा अर्थ काय? सारा हिशेब वजनाचा आणि मापाचा आहे. ज्याने टाकीत एका झाकणाऐवजी दोन झाकणे ओतली, त्याला बाधले. नोकरीत असताना जेवढे पंचनामे माझ्या हाताखालून गेले, त्यांत मी हेच कारण नमूद करीत आलो, आणि ते खोटे होते असे मला आजही वाटत नाही.’’

‘‘पंचनाम्यात किती ओतले ते तुम्ही लिहिलेत,’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘पण किती वेळ अंगावर राहिले, हा रकाना तुमच्या नमुन्यात होता काय?’’

भाऊसाहेब हसले. तसा रकाना नव्हता, हे त्यांनी कबूल केले; मात्र जो रकाना छापलेला नाही तो भरण्याचा अधिकार कारकुनास नसतो, असेही त्यांनी ऐकवून घेतले.

डॉक्टरांची सवय अशी की, कोणतीही गोष्ट ते मुळापासून सांगतात, आणि त्या मुळाशी पोचण्यास श्रोत्याला बरीच पायपीट करावी लागते. त्यांनी प्रारंभ केला तो १९१३ सालच्या बर्लिनपासून. तेथे लिओनोर मायकेलिस आणि कॅनडाहून आलेल्या मॉड मेंटेन या विदुषी, उसाच्या साखरेचे दोन तुकडे करणाऱ्या इन्व्हर्टेज नावाच्या विकरावर प्रयोग करीत होते. साखर वाढवावी तसा विघटनाचा वेग वाढतो. परंतु वाढीचे हे प्रमाण पुढेपुढे मंदावत जाते, आणि अखेरीस कितीही साखर ओतली तरी वेग जागचा हलत नाही, कारण विकराचा प्रत्येक कण तोवर गुंतून पडलेला असतो. त्या कमाल वेगाच्या निम्मा वेग साखरेच्या ज्या प्रमाणाला मिळतो, त्या प्रमाणास पुढे मायकेलिस-स्थिरांक हे नाव पडले. हा स्थिरांक लहान असेल तर त्या द्रव्याविषयी विकराची ओढ सामान्यतः मोठी समजावी.

‘‘म्हणजे आमच्या कचेरीतील टेबल,’’ भाऊसाहेब मध्येच म्हणाले. ‘‘अर्ज थोडे आले तर जितके आले तितके निकालात निघतात, अर्ज वाढले तर काम वाढते, पण एका अर्जाला कारकुनाचा जो वेळ लागायचा तो लागतोच, तेव्हा एका मर्यादेनंतर बाहेर रांग कितीही वाढो, दिवसाचा निकाल तेवढाच.’’

दृष्टान्त डॉक्टरांना आवडला, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसले. परंतु दुसऱ्याचा दृष्टान्त लगेच मान्य करणे त्यांच्या स्वभावात नसल्याने त्यांनी केवळ ‘‘पुढे पाहू’’ एवढेच म्हटले, आणि ज्या विकराभोवती हा सारा वाद फिरत होता त्याच्याकडे ते वळले.

ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने १९२१ साली बेडकाची दोन हृदये घेतली. एका हृदयाचा मज्जातंतू चेतवून त्याची गती मंद केली, आणि त्या हृदयाभोवतालचा द्राव दुसऱ्या हृदयावर सोडताच तेही मंदावले. मज्जातंतूचा संदेश केवळ विद्युत् नव्हे, तर एखादे रसायनही वाहून नेते, हे त्यातून सिद्ध झाले. ते रसायन ॲसिटिलकोलीन होते, आणि या शोधाबद्दल लोवींना हेन्री डेल यांच्यासह १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. संदेश पोचला की संदेश नेणारे द्रव्य तत्काळ नाहीसे झाले पाहिजे, नाहीतर एकदा आवळलेला स्नायू सैल होणार नाही आणि एकदा पाझरू लागलेली ग्रंथी थांबणार नाही. हे नाहीसे करण्याचे काम ॲसिटिलकोलीनएस्टरेज हे विकर करते. त्याचा एक कण एका सेकंदात सुमारे दहा हजार कणांचे विघटन करतो. निसर्गातील अत्यंत वेगवान विकरांत त्याची गणना होते. द्रव्याचे कण विकरापर्यंत पोचावयास जो वेळ लागतो, तोच बहुधा त्याच्या वेगाची मर्यादा ठरतो.

‘‘असा कारकून आमच्या खात्यात मी पाहिला नाही,’’ भाऊसाहेब म्हणाले.

‘‘आता या कारकुनास थांबविण्याचे प्रकार पाहा. एक प्रकार स्पर्धेचा. विकराच्या ज्या जागी खरे द्रव्य बसावयाचे, त्याच जागी त्याच्यासारखे दिसणारे दुसरे द्रव्य येऊन बसते. पण ते उठतेही. म्हणून खऱ्या द्रव्याचे प्रमाण पुरेसे वाढविले तर स्पर्धक मागे हटतो. कमाल वेग अबाधित राहतो, केवळ तो गाठण्यास अधिक द्रव्य लागते. आणि याचे अत्युत्तम उदाहरण आपल्या या दारूबंदीच्या जिल्ह्यातच द्यावे, हा योगायोग मोठा विनोदी आहे.’’

वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे, हे वाचकांस ठाऊक असेलच. हातभट्ट्या किती बंद झाल्या, हा विषय या लेखाचा नव्हे. डॉक्टरांचे म्हणणे असे की, चोरट्या दारूत कोणी मिथेनॉल मिसळले, तर ते स्वतः फारसे घातक नसते. यकृतातील अल्कोहोल डिहायड्रोजिनेज हे विकर त्याचे आधी फॉर्माल्डिहाइड करते, त्यापुढे फॉर्मिक आम्ल बनते, आणि ते आम्ल दृष्टी व प्राण हरण करते. २०१५ साली मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे गेली, ती याच वाटेने. यावर उतारा काय? तेच विकर साध्या मद्याकडे, म्हणजे इथेनॉलकडे, मिथेनॉलपेक्षा कितीतरी अधिक ओढीने धाव घेते. म्हणून रुग्णास मोजून इथेनॉल द्यावयाचे, विकरास त्यात गुंतवून ठेवावयाचे, आणि तोवर मिथेनॉल मूत्रावाटे, श्वासावाटे किंवा यंत्राने रक्त गाळून बाहेर काढावयाचे. फोमेपिझॉल नावाचे औषधही हेच स्पर्धेचे काम करते, परंतु ते महाग असते.

‘‘दारूवर उतारा दारूच, आणि तोही बंदीच्या जिल्ह्यात!’’ भाऊसाहेब उद्गारले. ‘‘याचा परवाना कोणत्या कलमाखाली मागावा, ते तेवढे सांगा. पण डॉक्टर, हे उदाहरण तर माझ्याच बाजूचे झाले. जो अधिक, तो जिंकतो, मात्रेचाच खेळ.’’

‘‘स्पर्धेत तुमचे म्हणणे खरे,’’ डॉक्टरांनी मान्य केले. ‘‘म्हणूनच ते फसवे आहे. आपल्याला वाटते, सारी विषे अशीच असतात. पाण्याने पातळ केली, थोडा वेळ गेला, की उतरली. फवारणीची औषधे तशी नाहीत.’’

येथून पुढे डॉक्टरांचा स्वर बदलला. मोनोक्रोटोफॉस, डायमेथोएट, क्लोरपायरिफॉस या फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांचा कण विकराच्या क्रियास्थानात येतो तेव्हा केवळ जागा अडवून बसत नाही. तेथील सेरीन नामक घटकाशी तो रासायनिक बंध जोडतो. आता ॲसिटिलकोलीन कितीही साठो, ते या बंधास हलवू शकत नाही. उलट त्याचे साठणे हेच रोगाचे कारण होते. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, लाळ व घाम वाहू लागतो, छातीत पाणी भरल्यासारखे होते, मांस आपोआप लवू लागते, आणि शेवटी श्वासाचे स्नायूच थकून थांबतात. ऑक्टोबरच्या उन्हात फवारणाऱ्या माणसाला आलेला घाम उन्हाचा की विषाचा, हे पहिल्या तासात त्यालाही कळत नाही आणि शेजारच्यालाही नाही. डोळ्याची बाहुली मात्र खोटे बोलत नाही.

‘‘म्हणजे कारकुनाचे निलंबन,’’ भाऊसाहेब म्हणाले. बराच विचार करून त्यांनी हा शब्द काढला असावा. ‘‘रांगेतील गर्दी नव्हे, खुर्चीवरचा माणूसच उचलला.’’

या वेळी डॉक्टर खुलले. ‘‘आता तुमची कचेरी शास्त्रास धरून झाली. निलंबनही तीन प्रतींचे असते, ते ऐका. मिथोमिल, कार्बोफ्युरान, कार्बारिल ही कार्बामेट जातीची औषधे विकरास जणू किरकोळ रजेवर पाठवितात. त्यांचा बंध आपसूक तुटतो, अर्ध्या-पाऊण तासात निम्मी विकरे कामावर रुजू होतात, आणि प्राण टिकला तर दिवसाभरात माणूस बहुधा सावरतो. फॉस्फरसवाल्यांचे तसे नाही. तेथे निलंबन खरे, आणि ते मागे घेणारा हुकूमही आहे: १९५५ साली आयर्विन विल्सन यांनी प्रॅलिडॉक्झिम हे औषध योजून काढले, ते विकरावरचा फॉस्फरसचा तुकडा ओढून काढते. पण या हुकमाला मुदत आहे. अडकलेल्या तुकड्याचा एक भाग काही काळाने गळून पडतो, उरलेला विकरास असा पक्का चिकटतो की त्यानंतर प्रॅलिडॉक्झिमचे काही चालत नाही. आमच्या शास्त्रात त्याला विकराचे जरण म्हणतात; तुमच्या भाषेत बडतर्फी. मोनोक्रोटोफॉस, डायमेथोएट यांसारख्या डायमिथिल गटातील औषधांत पावणेचार तासांच्या आसपास अडकलेली निम्मी विकरे बडतर्फ होतात. क्लोरपायरिफॉससारख्या डायइथिल गटात त्याला तेहतीस तास लागतात. एकदा बडतर्फी झाली की अपील नाही. नवी भरती, म्हणजे शरीराने नवे विकर तयार करणे, एवढाच मार्ग.’’

भाऊसाहेब काही काळ स्तब्ध राहिले. मग म्हणाले, ‘‘कार्बारिल म्हणजे भोपाळात करीत होते तेच ना?’’ तेच. १९८४ च्या डिसेंबरात युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून निसटलेला मिथिल आयसोसायनेट वायू हा सेव्हिन, म्हणजे कार्बारिल, बनविण्याच्या वाटेवरचाच टप्पा होता. मात्र त्या वायूने घात केला तो वेगळ्या रीतीने, फुप्फुसे व डोळे जाळून. त्यास कोलीनएस्टरेजचा अवरोध म्हणणे शास्त्रास धरून होणार नाही, असे डॉक्टरांनी तत्परतेने बजावले. त्यांनी आणखी एक गोष्ट जोडली, जी मला स्वतःला फार महत्त्वाची वाटते: अवरोध हा स्वभावतः दुष्ट नसतो. नाग डसलेल्या माणसात सापाचे विष स्नायूवरील ॲसिटिलकोलीनची जागा अडविते, तेव्हा प्रतिसर्पविषासोबत निओस्टिग्मिन टोचतात, आणि हे निओस्टिग्मिन कोलीनएस्टरेजचेच रजेवर पाठविणारे अवरोधक होय. विघटन थांबल्याने ॲसिटिलकोलीन साठते आणि विषाशी स्पर्धा करून जागा परत मिळविते. ज्या यंत्रणेने वावरात माणूस मरतो, तिनेच आरोग्य केंद्रात वाचतो.

आता मुख्य मुद्द्याकडे. डॉक्टरांचा दावा असा की, उलटणाऱ्या अवरोधात त्या क्षणी रक्तात विष किती आहे एवढेच पाहावे लागते. परंतु न उलटणाऱ्या अवरोधात प्रमाण आणि काळ यांचा गुणाकार मोजावा लागतो, कारण क्षणाक्षणाला काही विकरे कायमची गळत असतात. सौम्य द्राव चार तास अंगावर राहिला काय आणि दुप्पट तीव्र द्राव दोन तास राहिला काय, विकराच्या खातेवहीत दोन्ही नोंदी जवळजवळ सारख्याच. शरीर काही विष वाटेत मोडून टाकते, म्हणून हा हिशेब पैशापैशाला जुळणार नाही. पण त्याची दिशा चुकीची नाही. त्यातून आज गेलेले विकर उद्या भरून येत नाही; उद्याची फवारणी आजच्या तोट्यात भर घालते. चौथ्या दिवशी ज्याला भोवळ येते त्याने चौथ्या दिवशी काही अधिक केलेले नसते, आणि म्हणूनच पंचनाम्यात कारण सापडत नाही.

हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे बोरच्या कालव्यालगतचे एक वावर होते. मजूर धुऱ्यावर बसून बाटलीच्या झाकणाने औषध मोजीत होता, आणि ते मोजणे, भाऊसाहेबांनी पाहिले असते तर संतोष पावावे, इतके नेटके होते. त्याने काडीने ढवळले, टाकी भरली, पंप पाठीला लावला. टाकीच्या झाकणाखालचे रबर झिजलेले होते. वाकताच त्यातून एक धार सदऱ्यावर उतरली, आणि तो ओला पट्टा मानेपासून कमरेपर्यंत दुपार टळेस्तोवर तसाच राहिला. तोंडाला बांधलेला दुपट्टाही फवाऱ्याने भिजला. मध्ये नोझल तुंबले, तेव्हा त्याने ते काढून ओठाशी धरले आणि फुंकर मारली. झाकणाचे माप बरोबर होते. चुकली होती ती बाकीची सर्व मापे, जी कोणी घेतच नव्हते. कातडीवाटे शिरणाऱ्या या औषधांच्या बाबतीत भिजलेला सदरा म्हणजे चालू ठेवलेले घड्याळ होय.

भाऊसाहेबांनी मात्र येथे एक हरकत घेतली, आणि ती मला डॉक्टरांच्या सर्व समीकरणांपेक्षा वजनदार वाटली. ‘‘वेळ, वेळ म्हणता; तो वेळ ठरवितो कोण? या भागात फवारणीची मजुरी पुष्कळदा टाकीवर ठरते. जितक्या टाक्या, तितके पैसे. माणूस सकाळच्या गारव्यात सुरू करतो आणि टाक्या भरून काढायच्या म्हणून दुपारच्या वाऱ्यातही थांबत नाही. त्यातून अळी मरत नाही म्हणून मालक पुन्हा फवारा म्हणतो. तुमचे विकर काय जाणे, हप्त्याला किती फवारे पडतात!’’

अळीच्या व माव्याच्या न मरण्यातही विकरच आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. कपाशीवरील माव्यात कोलीनएस्टरेजच्या रचनेतच असा बदल झालेला आढळला आहे की काही औषधे त्या विकरास नीट चिकटत नाहीत. पिढ्यामागून पिढ्या फवारे खाऊन जे उरले, त्यांचीच प्रजा वाढली. माव्याच्या एका हंगामात कितीतरी पिढ्या होऊन जातात. फवारणाऱ्याला ही सवड नसते. मात्रा दुप्पट केली तर तोटा कोणाच्या पदरी पडतो, हे यातून उघड आहे.

उपचाराचा विषय निघाला तेव्हा डॉक्टरांनी बारामतीचे नाव मोठ्या अभिमानाने घेतले. तेथील पवार, भोईटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०० रुग्णांवर केलेली चाचणी २००६ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. सुरुवातीच्या मात्रेनंतर एका गटास प्रॅलिडॉक्झिम दर चार तासांनी टोचले, दुसऱ्या गटास तेच औषध ताशी एक ग्रॅमप्रमाणे ४८ तास अखंड शिरेवाटे दिले. पहिल्या गटात शंभरांत आठ मृत्यू झाले, दुसऱ्यात एक. गतिशास्त्र जाणणाऱ्यास यात नवल नाही. निलंबनाचे नवे हुकूम निघतच असतात, तेव्हा ते रद्द करणाराही टेबलावर सतत बसलेला हवा. चार-चार तासांनी येऊन जाणाऱ्याने भागत नाही.

‘‘मग सर्व दवाखान्यांत माणसे वाचू का लागली नाहीत?’’ भाऊसाहेबांनी विचारले, आणि तो प्रश्न कठोर असला तरी रास्त होता. कारण २००९ साली श्रीलंकेतील चाचणी प्रसिद्ध झाली, तीत प्रॅलिडॉक्झिमने तांबड्या पेशींतील विकर काही अंशी जागे झाले, पण माणसे अधिक जगली नाहीत. डॉक्टरांनी यास अनेक उत्तरे दिली: रुग्ण किती उशिरा आले, विष कोणत्या गटाचे होते, पोटात किती गेले होते. सारी उत्तरे संभाव्य आहेत. परंतु परीक्षानळीतील विकर जागे होणे आणि खाटेवरील माणूस जागा होणे या दोन घटनांत जे अंतर आहे ते डॉक्टरांना मनातून नकोसे वाटते, हे मला त्यांच्या घाईवरून जाणवले. अ‍ॅट्रोपीनविषयी मात्र दुमत नाही. ते विकरास शिवतच नाही. साठलेल्या ॲसिटिलकोलीनचे छातीवर व ग्रंथींवर चाललेले काम तेवढे रोखते, आणि रुग्णाची छाती कोरडी होईपर्यंत देत राहावे लागते. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात सेलूहून पोचलेल्या माणसाचे पहिले तास या जुन्या औषधावर आणि श्वास चालू ठेवण्यावरच अवलंबून असतात.

शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्यात व त्यानंतर फवारणीने वीसहून अधिक माणसे दगावली आणि शेकडो आजारी पडली, तो प्रसंग भाऊसाहेबांनी अखेरचे अस्त्र म्हणून काढला. शासनाने त्यानंतर काही औषधांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. पुढे २०२३ साली मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रावास केंद्रानेच कायमची मनाई केली. ‘‘तुमचे गतिशास्त्र राहू द्या,’’ ते म्हणाले, ‘‘बंदीचा हुकूम निघाला की मुद्देमालच उरत नाही. तुम्ही मोजत बसाल, मी कुलूप लावीन.’’

डॉक्टरांनी कुलपास विरोध केला नाही. त्यांनी एवढेच दाखवून दिले की, यवतमाळात त्या वर्षी ज्या औषधांची नावे पुढे आली त्यांत डायाफेन्थियुरॉनही होते, आणि ते कोलीनएस्टरेजला हातही लावीत नाही. पेशीतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या दुसऱ्याच विकरास ते रोखते, त्यावर अ‍ॅट्रोपीन निरुपयोगी. एका औषधावर कुलूप पडले की दुकानात दुसरे येते, आणि त्याचे विकर कोणते हे ठाऊक नसेल तर डॉक्टर चुकीच्या रोगावर उपचार करीत राहतो. म्हणून दवाखान्यात रुग्णासोबत रिकामी बाटली न्यावी, हा त्यांचा आग्रह मला पूर्णपणे पटतो. डब्यावरील त्रिकोणाचा रंग उपचार करणाऱ्यास जे सांगत नाही, ते त्यावरील लहान अक्षरांतले रासायनिक नाव सांगते.

मोजण्याची व्यवस्था अशक्य असते असेही नाही. कॅलिफोर्नियात १९७४ पासून कोलीनएस्टरेज रोखणारी औषधे हाताळणाऱ्यांचे हे विकर हंगामापूर्वी मोजून ठेवतात. तांबड्या पेशींतील विकर मूळच्या ७० टक्क्यांवर घसरले की त्या माणसास फवारणीवरून उठवितात, आणि ते ८० टक्क्यांवर आल्यावाचून परत घेत नाहीत. भाऊसाहेबांनी यावर विचारले, ‘‘उठविलेल्या माणसाला रोज कोण देतो?’’ डॉक्टर निरुत्तर झाले. समीकरणात मजुरीचे पद नसते.

माझे मत विचाराल तर, विषाच्या स्वरूपाविषयी भाऊसाहेब चुकतात आणि माणसाच्या स्थितीविषयी डॉक्टर. मात्रेचे झाकण कितीही नीट भरले तरी न उलटणारा अवरोध वेळाने वाढतो, यात शंका नाही. पण तो वेळ टाकीवरच्या मजुरीने लांबतो, आणि ही गोष्ट प्रयोगशाळेत नव्हे, मालकाच्या ओसरीवर ठरते. तेव्हा ज्यांच्याकडे वावर आहे आणि जे हा लेख वाचतात, त्यांना माझी विनंती आहे. फवारणीचे काम टाकीवर देऊ नये, रोजावर आणि थोड्या तासांचे द्यावे. झिजलेले रबर हंगामाआधी बदलावे. सदरा भिजला की काम थांबवून अंग साबणाने धुवावयास लावावे. आणि ज्याला एकदा भोवळ आली, त्याच्या हाती त्या हंगामात पुन्हा पंप देऊ नये, दुसरे काम देऊन त्याचा रोज चालू ठेवावा. तांबड्या पेशीला स्वतःचे नवे विकर करता येत नाही. जुनी पेशी जाऊन नवी येईल तेव्हाच ते भरते, आणि ही भर दिवसाला सुमारे एक टक्क्याची असते. तीस टक्के गेले असतील तर ते महिन्याचे काम आहे.